महाराजपूरच्या धावपट्ट्या आणि ग्वाल्हेरची हवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं मूळ घर लष्करमधल्या दाणाओळीत. लष्कर म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेला ग्वाल्हेरचा भाग, हे महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते. पुढे आम्ही डीडी नगरला आलो आणि महाराजपूरचा हवाई दलाचा तळ शेजारी आला. मी शाळेत भूगोल शिकवत होते, त्यामुळे गच्चीवर कपडे वाळत घालतानाही वाऱ्याची दिशा बघायची सवय. शेजारच्या वहिनींपासून पुण्याहून येणाऱ्या भाच्यांपर्यंत सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

हा विमानतळ नागरी आहे की हवाई दलाचा?

तळ हवाई दलाचा. धावपट्ट्या आणि नियंत्रण मनोरा त्यांच्याकडे. प्रवाशांसाठीची इमारत भारतीय विमानतळ प्राधिकरणाची आणि तिला राजमाता विजयाराजे शिंदे यांचं नाव आहे. नवी इमारत मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. तुमचं प्रवासी विमान हवाई दलाच्या धावपट्टीवर पाहुणं म्हणून उतरतं, हे लक्षात ठेवलंत की पुढची बरीच कोडी सुटतात. सरावाच्या वेळी प्रवासी विमानाला थोडं थांबावं लागतं, तेही त्यातलंच.

मिराज २००० विमानं १९८५ साली इथे आली. हवाई दलात त्यांना वज्र म्हणतात. हवाई लढाईचे डावपेच शिकवणारी हवाई दलाची संस्थाही जामनगरहून इथेच आली. म्हणून आपल्या आकाशात मिराजखेरीज इतर जातीची लढाऊ विमानंही दिसतात.

धावपट्टीला ०६ आणि २४ हे आकडे कशाचे?

होकायंत्राचे. उत्तर म्हणजे शून्य धरून अंश मोजायचे, जवळच्या दहापर्यंत आणायचे आणि शेवटचं शून्य सोडून द्यायचं. ६० अंशांचं झालं ०६. त्याच पट्टीवर उलट तोंड केलं की २४० अंश, म्हणून २४. पट्टी तीच, टोकं दोन, नावं दोन. महाराजपूरला दोन समांतर पट्ट्या आहेत, म्हणून आकड्यामागे डावी-उजवीचं अक्षर लागतं. लांबी सुमारे ९ हजार फूट, म्हणजे पावणेतीन किलोमीटरच्या आसपास.

नकाशावर पट्टी ठेवून बघा, मुलांकडून मी हे नेहमी करून घेत असे. ०६ च्या दिशेने रेघ पुढे ओढली की ती भिंडला जाते. २४ च्या दिशेने ओढली की शहराच्या उत्तरेकडून निघून कुनोच्या जंगलाकडे जाते.

काही दिवस विमानं भिंडकडे तोंड करून उडतात, काही दिवस उलटीकडे. असं का?

विमान वाऱ्याकडे तोंड करून उडतं आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतं. पंखावरून हवा किती वेगाने जाते यावर उचल ठरते. समोरून २० नॉटचा वारा असेल, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर, तर तेवढा वेग विमानाला धावण्याआधीच मिळालेला असतो. उतरताना तोच वारा गती कमी करायला मदत करतो. तेवढाच वारा पाठीमागून आला तर हिशेब उलटा होतो आणि धाव खूप लांबते.

उन्हाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणून २४ जास्त वापरली जाते. खरी गंमत पावसाळ्यात आहे. मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा राजस्थानातून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला असतो आणि त्याची नेहमीची जागा आपल्या डोक्यावरून किंवा जवळूनच जाते. हवामान खात्याच्या पत्रकांत त्या पट्ट्याच्या वाटेवर ग्वाल्हेरचं नाव कितीदा तरी येतं. पट्ट्याच्या दक्षिणेला वारा पश्चिम-नैऋत्येचा आणि उत्तरेला पूर्वेचा. म्हणजे पट्टा आपल्या वर, उत्तरेला सरकला असेल तर विमानं २४ वरून जातील. तो आपल्या खाली, दक्षिणेला उतरला असेल तर पुरवाई, म्हणजे पूर्वेचा वारा, सुटते आणि विमानं भिंडकडे तोंड करून उडू लागतात.

मला तर जुलै-ऑगस्टमध्ये विमानांची दिशा बदललेली दिसली की आधी मान्सूनचा पट्टा आठवतो. त्या दिवशी वर्गात फळ्यावर तोच नकाशा काढायचा आणि मुलांना म्हणायचं, आता खिडकीतून बघा. पाठ्यपुस्तकातली रेघ त्यांना आकाशात दिसायची. शिकवण्यातला तितका आनंद मला दुसऱ्या कुठल्या धड्याने दिला नाही.

एक सावधगिरी मात्र ठेवा. वारा पडलेला असेल तर दिशा इतर कारणांनीही ठरते, आणि जवळ गडगडाटी ढग असेल तर तासाभरात वारा फिरतो. एका विमानावरून निष्कर्ष काढू नका.

वारा आडवा असेल तर?

मग त्याचे दोन भाग करायचे, समोरचा आणि आडवा. वारा पट्टीशी ३० अंश करून येत असेल तर त्याचा निम्मा जोर आडवा. ९० अंशांत सगळाच आडवा. समजा २४ वर उतरायचंय आणि वारा ठीक पश्चिमेचा, २७० अंशांवरून, २० नॉटचा आहे. फरक ३० अंशांचा, म्हणून आडवा वारा १० नॉट. प्रत्येक विमानाला आडव्या वाऱ्याची मर्यादा ठरलेली असते, आणि ओल्या पट्टीवर ती आणखी कमी धरतात. विमान तिरकं येताना दिसलं तर घाबरू नका. नाक थोडं वाऱ्याकडे ठेवूनच सरळ रेषेत येता येतं, चाकं टेकायच्या वेळी वैमानिक ते सरळ करतो.

सूर्याचा त्रास होतो का?

होतो, आणि आपल्या पट्टीचं हे खास वैशिष्ट्य आहे. डिसेंबरच्या शेवटी ग्वाल्हेरला सूर्य सुमारे २४४ अंशांवर मावळतो, म्हणजे जवळजवळ २४ च्या रेषेत. संक्रांतीलाही तो फार दूर गेलेला नसतो. हिवाळी संध्याकाळी २४ वर उतरणाऱ्याच्या डोळ्यांत थेट मावळता सूर्य, त्यात धुरकट हवा. जूनमध्ये याच्या उलट, पहाटे ०६ वर येणाऱ्यासमोर सूर्य उगवतो. दक्षिणायन-उत्तरायण पंचांगात वाचतो तेच धावपट्टीवर असं उतरतं.

मे महिन्यात लढाऊ विमानं इतक्या सकाळी का उडतात?

उन्हामुळे. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखाला उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. दोन्ही तोटे एकाच वेळी.

विरळ हवेमुळे विमानाला आपली पट्टी किती उंचावर असल्यासारखी वाटते, त्याचा हिशेब करून दाखवते. आपली धावपट्टी समुद्रसपाटीपासून ६१७ फुटांवर, म्हणजे तशी सखलच. आता मेमधली दुपार घ्या. पारा ४५ अंशांवर, हवेचा दाब १,००० हेक्टोपास्कल. या उंचीला प्रमाण तापमान १४ अंशांच्या आसपास धरतात. त्याहून जास्तीच्या प्रत्येक अंशाला सुमारे १२० फूट वाढवायचे, कमी दाबाचे थोडे फूट आणखी. बेरीज पावणेपाच हजार फुटांच्या आसपास जाते. म्हणजे त्या दुपारी विमानाच्या लेखी महाराजपूर महाबळेश्वरपेक्षाही थोडं उंचावर असतं, आणि तेही महाबळेश्वरच्या गारव्याशिवाय.

परिणाम असा की धाव लांबते, चढण मंदावते, उतरताना ब्रेक जास्त तापतात. प्रवासी विमानाला कधीकधी वजन कमी करावं लागतं. तुमची बॅग मागून आली तर त्यामागे हेही कारण असू शकतं. शिवाय पट्टीवर, सावली नसलेल्या काँक्रीटवर, काम करणारे तंत्रज्ञ असतात. लू चालू असताना तापलेल्या धातूला हात लावून विमान तयार करणाऱ्या त्या माणसांचा विचार आपण फार कमी करतो. पहाटेच्या आवाजाने झोपमोड झाली की मी तरी त्यांची आठवण काढते.

आंधी आली की काय होतं?

ग्वाल्हेरच्या मराठी घरांतही धुळीच्या वादळाला आंधीच म्हणतात, मीही तोच शब्द वापरते. एप्रिल ते जून, दुपार टळताना. गडगडाटी ढगातून थंड हवा खाली आदळते आणि जमिनीवर पसरत धूळ पुढे ढकलते. पिवळी भिंत दिसते ती तीच. वारा काही मिनिटांत उलट दिशेला फिरतो, वेग तिपटीने वाढतो, दिसेनासं होतं. उतरत्या विमानाला सर्वांत धोक्याचा तो वाऱ्याचा अचानक बदल. समोरचा वारा क्षणात पाठीमागचा झाला की उचल निघून जाते. म्हणून अशा वेळी विमानं वर घिरट्या घालत थांबतात किंवा दुसरीकडे जातात. २ मे २०१८ च्या रात्री आग्रा-भरतपूर पट्ट्यात अशाच वादळाने किती जीव घेतले ते आपण शेजारी राहून पाहिलं आहे.

आंधी गेल्यावर लगेच उड्डाण सुरू होत नाही. पट्टीवर फांद्या, खडे, पिशव्या येऊन पडतात. जेट इंजिन समोरचं सगळं आत ओढतं, एक खडाही पात्यांना पुरेसा. आधी पट्टी झाडतात, तपासतात, मग विमानं.

हिवाळ्यातलं धुकं इतकं दाट का? आणि आमचं विमान नेमकं त्याच दिवशी का रद्द होतं?

हा प्रश्न दर वर्षी डिसेंबरपासून येतो, बहुतेकदा विमानतळावरूनच, रडव्या आवाजात.

आपण गंगा-यमुनेच्या मैदानाच्या काठावर आहोत. पश्चिमेकडून येणाऱ्या थंडीतल्या वाऱ्यांच्या प्रणालीने, हवामान खातं जिला पश्चिमी विक्षोभ म्हणतं, थोडा पाऊस पडतो आणि जमीन ओली होते. त्यात मुरेना-भिंडची मोहरी आणि गहू यांना पाणी सोडलेलं. मग आभाळ निवळतं. रात्र लांब, ढगांचं पांघरूण नाही, वारा पडलेला. जमीन आपली उष्णता वर टाकून देते आणि तिच्यालगतची हवा दवबिंदूपर्यंत गार होते. पाण्याचे बारीक थेंब तयार होतात आणि कोहरा, म्हणजे दाट धुकं, उभा राहतो. वरची हवा खालच्यापेक्षा उबदार राहते, झाकण लागल्यासारखी, म्हणून धूरही त्यात अडकून बसतो. सूर्य जमीन तापवून ते झाकण उघडेपर्यंत दहा-अकरा वाजतात. वर उंच ढग आले तर दुपारही होते.

हवामानाच्या भाषेत दृश्यता १ किलोमीटरच्या खाली गेली तरच ते धुकं. त्याहून बरी असेल तर धूसरता. दृश्यता कमी असताना उतरण्यासाठी धावपट्टीवर रेडिओ-दिशा देणारी यंत्रणा लागते. तिच्या पहिल्या श्रेणीत वैमानिकाला २०० फुटांवर येईपर्यंत पट्टी दिसली पाहिजे आणि पट्टीवरची दृश्यता साधारण ५५० मीटर तरी हवी. दिल्लीत त्याहून खूप वरच्या श्रेणीची यंत्रणा आहे, म्हणून तिथे दाट धुक्यातही विमानं उतरतात. पण त्यासाठी विमान आणि वैमानिक दोन्ही त्या श्रेणीचे लागतात.

प्रवाशांसाठी माझा सल्ला सरळ आहे. २० डिसेंबर ते जानेवारीअखेर सकाळचं विमान घेऊ नका, दुपारचं घ्या. सकाळी तुमचं विमान ज्या गावाहून यायचं ते गावही धुक्यात असू शकतं, तेव्हा इथे ऊन पडलंय म्हणून निश्चिंत राहू नका. रद्द झालं तर कंपनीने पैसे परत द्यायचे किंवा दुसऱ्या विमानाची सोय करायची. हवामानामुळे रद्द झाल्यास नुकसानभरपाई मात्र मिळत नाही. मुंज-लग्नासाठी येणार असाल तर एक दिवस आधी निघा. पंजाब मेल, झेलम, गोवा एक्सप्रेस आहेतच, पण कोहऱ्यात त्याही उशिराच धावतात. गेल्या काही वर्षांत आमच्या घरचे दोन विधी आम्ही जानेवारीतून फेब्रुवारीच्या मध्यावर ढकलले ते याच कारणाने, आणि आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो.

हिवाळ्यात विमानांचा आवाज जास्त का येतो?

तेच झाकण. गार हवा खाली आणि उबदार हवा वर असली की आवाज वर निघून न जाता पुन्हा जमिनीकडे वळतो. म्हणून जानेवारीच्या सकाळी महाराजपूरचा गडगडाट लष्करमधल्या महाराज बाड्यापर्यंत ऐकू येतो, आणि मेच्या दुपारी तोच आवाज त्याहून जवळच्या थाटीपूरलाही मंद वाटतो. विमान बदललेलं नसतं.

रात्रीचा सराव कशासाठी?

कारण गरज रात्रीच पडू शकते. २६ फेब्रुवारी २०१९ ला बालाकोटला गेलेली मिराज विमानं इथूनच उडाली, तीही रात्री. आम्हाला सकाळी दूरदर्शनवर कळलं.

पावसात पट्टी घसरडी होते का?

पाणी साचलं तर चाक पाण्यावर तरंगू शकतं. टायरचा रस्त्याशी संबंध सुटतो आणि ब्रेक दाबून उपयोग होत नाही. हे कोणत्या वेगाला होईल ते टायरमधल्या दाबावरून काढतात: दाबाचं वर्गमूळ गुणिले नऊ. दाब १४४ पौंड असेल तर वर्गमूळ १२, म्हणून १०८ नॉट. म्हणूनच पट्टी मध्ये किंचित उंच आणि कडांना उतरती असते, पाणी वाहून जावं म्हणून. घासलेल्या टायरचं रबरही पट्टीवरून वेळोवेळी खरवडून काढावं लागतं.

धावपट्टीच्या टोकाला जाळं असतं म्हणतात, ते काय?

लढाऊ विमानांच्या तळावर असतं. ब्रेक निकामी झाले, किंवा उड्डाण ऐन वेळी सोडावं लागलं, तर विमान पट्टीबाहेर जाऊ नये म्हणून मजबूत नायलॉनच्या पट्ट्यांचं जाळं उभं करतात. विमान त्यात अडकतं आणि हळूहळू थांबतं. कित्येक वैमानिकांचा जीव त्याने वाचवला आहे.

पण तेच जाळं येणाऱ्या विमानाच्या वाटेत उभं असेल तर अडथळा ठरतं. ६ मे २०२१ च्या रात्री, करोनाची दुसरी लाट जोरात असताना, रेमडेसिविर घेऊन येणारं मध्य प्रदेश सरकारचं छोटं विमान इथे उतरताना अशा उभ्या जाळ्याला धडकलं. आतले तिघे जखमी झाले, पण वाचले. त्या दिवसांत शहरातलं प्रत्येक घर त्या औषधाची वाट पाहत होतं. लष्करी तळावर उतरणाऱ्या नागरी वैमानिकाला पट्टीची नुसती लांबी माहीत असून भागत नाही, जाळं उभं आहे की आडवं हेही विचारावं लागतं.

चित्ते इथे का उतरवले?

१७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ चित्ते बोइंग ७४७ मधून थेट महाराजपूरला आले. पुढे हेलिकॉप्टरने कुनो. नंतर १८ फेब्रुवारी २०२३ ला दक्षिण आफ्रिकेहून बारा चित्ते हवाई दलाच्या सी-१७ मधून आले. एवढं मोठं विमान पेलणारी लांब, भक्कम पट्टी आणि शेजारीच हेलिकॉप्टरं, हे दोन्ही कुनोच्या जवळ इथेच होतं. शिवाय सप्टेंबरची सकाळ, धुकं नाही, आंधी नाही.

विमानतळाचे हवामान-अहवाल असतात ते कसे वाचायचे?

हवाई दलाची स्वतःची हवामान शाखा आहे. विमानतळाचा अहवाल ठरावीक वेळाने निघतो. ग्वाल्हेरची खूण व्हीआयजीआर. पुढे तारीख आणि वेळ, ती ग्रीनिचची, म्हणून साडेपाच तास मिळवा. मग वारा, कुठून आणि किती नॉट. मग दृश्यता मीटरमध्ये. एफजी म्हणजे धुकं, बीआर धूसरता, एचझेड धुरकट हवा, टीएस गडगडाट. ढग आठ भागांत मोजतात: पाच ते सात भाग झाकलेले असतील तर बीकेएन, आठही झाकलेले असतील तर ओव्हीसी. शेवटी तापमान, दवबिंदू आणि दाब. तापमान आणि दवबिंदू यांतला फरक एक-दोन अंशांवर आला की धुक्याची तयारी समजा.

बारकावा एक: अहवालातला वारा खऱ्या उत्तरेपासून मोजतात, मनोऱ्यावरून वैमानिकाला सांगतात तो चुंबकीय उत्तरेपासून. आपल्याकडे हा फरक इतका थोडा आहे की गच्चीवरच्या माणसाने त्याची चिंता करू नये.

आम्ही काय काळजी घ्यायची?

कचरा उघड्यावर टाकू नका. विमानतळाच्या १० किलोमीटरच्या आत कचरा टाकणं किंवा उघड्यावर जनावरं कापणं याला कायद्याने बंदी आहे, कारण त्यावर घारी-गिधाडं येतात. ताशी ३०० किलोमीटरने येणाऱ्या इंजिनात एक घार गेली तर काय होईल याची कल्पना करा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याचा ढीग साठतो आणि वर घारी फिरतात, ते बघून माझा जीव अक्षरशः वर-खाली होतो. कित्येकदा मी स्वतः उभी राहून तो उचलून घेतला आहे.

पतंग धावपट्टीच्या रेषेखाली नकोत. ड्रोन तर मुळीच नको. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यातही २०० फुटांवर जायला परवानगी लागते, त्याच्या आत नियम आणखी कडक. तळाचे, विमानांचे फोटो काढू नका.

एवढ्या जवळ राहायला भीती वाटत नाही का?

२८ जानेवारी २०२३ ला इथून उडालेली सुखोई आणि मिराज मुरेनाजवळ अपघातात सापडली आणि मिराजचा वैमानिक गेला. ६ फेब्रुवारी २०२५ ला शिवपुरी जिल्ह्यात मिराज कोसळलं, दोघे वैमानिक वेळेवर बाहेर पडले. त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणी मोठ्याने बोललं नाही. भीतीपेक्षा मला आपलेपणा जास्त वाटतो. गेलेली विमानं परत येईपर्यंत मी गच्चीवर कान देऊन असते, ही सवय आता जाणार नाही.

उद्या सकाळी धुकं पडेल का, हे घरी कसं ओळखायचं?

रात्री दहा वाजता स्टीलचं ताट गच्चीवर उघड्यावर पालथं ठेवा. अर्ध्या तासाने बोट फिरवा. ओलं लागलं, वर चांदण्या स्पष्ट दिसल्या, आणि उदबत्तीचा धूर सरळ वर न जाता हातभर उंचीवरच पसरून राहिला, तर सकाळी धुकं बहुतेक येणारच. तिकीट बदलायचं असेल तर रात्रीच बदला.